भात चढवला की सुई

माझ्या बायकोला साखरेचा आजार आहे आणि मला रागाचा. तिच्या आजारावर निदान सुई तरी निघाली. माझ्यावर एकेचाळीस वर्षांत काहीच निघालं नाही, असं शकुंतला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सांगू दे बापडी. यंदाच्या महालक्ष्म्यांत जे झालं ते मात्र ती कोणाला सांगत नाही. विषय निघाला की "जाऊ द्या न जी" म्हणते, पदर खोचते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. चूक माझी होती, म्हणून तिला ती झाकून ठेवायची असते. मला असली मेहेरबानी नको. मीच सांगतो.

आमचं समुद्रपूरला बसस्टँडजवळ किराण्याचं दुकान होतं. छत्तीस वर्षं चालवलं. गल्ल्यावर मी बसायचो, पण गिऱ्हाईक यायचं ते शकुंतलाशी बोलायला. गुळाच्या भेलीतून पाव किलोचा तुकडा पाडायला सांगा, ती अंदाजानं पाडायची आणि काट्यावर टाकला तर पाव किलोच भरायचा. कोणाच्या घरी काय चाललं आहे ते तिला सामानाच्या यादीवरून कळायचं. "आज साखर जास्तीची कायले व? जावई आला वाटते," असं म्हणायची, आणि जावई आलेलाच असायचा. मी भावावरून गिऱ्हाइकाशी भांडायचो, ती मागून जाऊन त्याला परत आणायची. दुकान चाललं ते असं.

तिला तहान लागायला लागली तेव्हा आम्ही आधी उन्हाळ्याला दोष दिला. दुकानातला माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. मी चिडायचो, की बाई, माठ गिऱ्हाइकांसाठी ठेवला आहे, तू एकटीच संपवते. पुढे तपासणी झाली, गोळ्या झाल्या, आणि गोळ्यांनी भागेना तेव्हा सुई लागली. त्याला आता चौदा वर्षं झाली. गावातल्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं मला सुई भरायला शिकवलं. बाटली उलटी कशी धरायची, बुडबुडा कसा काढायचा, पोटाची घडी चिमटीत कशी धरायची. आणि शेवटी बोट वर करून म्हणाला, "प्रभाकरराव, एक ध्यानात ठेवजा. जेवणाच्या अर्धा तास आधी. हे औषध आळशी आहे. आंगात गेल्यावर अर्धा-पाऊण तास बसून राह्यते, मंग उठते."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात घड्याळ लावायला निघालो. शकुंतला म्हणाली, "घड्याळ कायले पाह्यजे? भात चढवला की सुई."

झालं, तोच नियम. तिनं भात गॅसवर चढवायचा, मला हाक मारायची, मी सुई द्यायची. तोवर पोळ्या व्हायच्या, भात उतरायचा, ताटं घेतली जायची, आणि बरोबर अर्धा तास झालेला असायचा. स्वतः ती भाताचं शीतही खात नव्हती, डॉक्टरनं मना केला होता. पण भात शिजायचाच, सुईसाठी. चौदा वर्षांत हे घड्याळ एकदाही मागेपुढे झालं नाही.

सुई घेताना ती सुईकडे पाहत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करते आणि मोठ्यानं वाचते. "आज चतुर्थी. उद्या पंचमी. परवा नीलेशच्या ऑफिसले सुट्टी. झालं का जी?" झालेलं असतं. मुलगा नीलेश म्हणतो, आईला तिथ्या पाठ आहेत त्या पुण्याईनं नाहीत, इन्सुलिननं आहेत.

पाच वर्षांपूर्वी दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि आम्ही वर्ध्याला, पिपरी मेघेत नीलेशनं बांधलेल्या घरी राहायला आलो. नीलेशची बायको अंजू हिंगणघाटची. पोरगी हुशार, पण तोंडाला तोंड देणारी. शकुंतलाही तशीच. दोघींची जुंपली की मी पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर जातो.

यंदा आषाढात शकुंतलाच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बिघडला. जेवल्यावर शुगर चढायची आणि चढलेली लवकर उतरत नसे. नीलेशनं शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. श्रावणात दुसरी भेट झाली तेव्हा बाईंनी जुनं औषध बंद केलं आणि पेन दिलं. लिहायच्या पेनासारखंच दिसतं, मागची चकती फिरवून आकडा लावायचा आणि टोचायचं. बाई वयानं लहान, पण समजावून सांगणारी. म्हणाल्या, "काका, जुनं ते साधं इन्सुलिन. ते अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होतं, दोन ते चार तासांत त्याचा खरा जोर येतो आणि सहा-आठ तास अंगात राहतं. हे नवं लवकर काम करतं. दहा-पंधरा मिनिटांत सुरू, तास-दीड तासात जोर, तीन-चार तासांत बहुतेक संपलं. म्हणून आता अर्धा तास थांबायचं नाही. ताट समोर आलं की सुई. आणि मधेच शुगर वाढलेली दिसली तर उतरवायलाही हेच, मी लिहून देते तेवढंच. एकदा दिलं की चार तास पुन्हा द्यायचं नाही. कमी होत नाही असं वाटलं तरी नाही."

"आणि जुनं?" मी विचारलं.

"जुनं बंद. दोन्ही मिसळायची नाहीत."

अंजूनं हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. ताट समोर, मग सुई. चार तासांत दुसरी नाही. जुनी बाटली बंद. मोठ्या अक्षरात. मी रोज फ्रिज उघडताना ते वाचायचो आणि रोज मला राग यायचा. चौदा वर्षं सुई मी देतो आहे, आणि काल आलेली पोरगी मला शाळेतल्यासारखं लिहून दाखवते! वरून जुन्या बाटलीत औषध अर्ध्याच्या वर शिल्लक. मी किराणा दुकानदार आहे. चांगला माल फेकणं माझ्या हाताला जमत नाही. मी ती बाटली फ्रिजच्या दारात वरच्या झाकणाच्या कप्प्यात, लोण्याच्या वाटीमागे ठेवून दिली. अंजूला दिसणार नाही अशी.

आता महालक्ष्म्यांचा दिवस.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. शकुंतला त्या तीन दिवसांत कोणाची नसते. पहाटे चारला उठून सोवळ्यात स्वयंपाकाला लागते. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील, वडे, भजी. आणि नैवेद्य होईपर्यंत काही चाखायचं नाही. मीठसुद्धा अंदाजानं. तोंडात एक कण गेला तर तो नैवेद्य उष्टा, असं तिचं आहे. जेवणाला एक सवाष्ण बाहेरून बोलवायची. दरवर्षी माझी भाची पौर्णिमा समुद्रपूरहून येते. ती आली की आरती, आरती झाली की देवीसमोर ताटं, पडदा ओढायचा, देवी जेवेपर्यंत सगळ्यांनी बाहेर थांबायचं, आणि मग आधी सवाष्ण, नंतर घर.

त्या दिवशी सकाळी अंजूच्या हातून भजीचं पीठ सैल झालं, म्हणून शकुंतलानं तिला अर्धा तास सुनावलं. नंतर सोवळ्याचा पदर दाराच्या पडद्याला लागला म्हणून पुन्हा. अंजूही फुरंगटली. साडेनऊला मी शकुंतलाची शुगर पाहिली. तीनशे सव्वीस! आदल्या दिवशीचा प्रसाद, झोप नाही, धावपळ, सगळं त्या आकड्यात उतरलं होतं.

मी पेन काढलं, आणि थांबलो. आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो, म्हणजे माझा बह्याडपणा कळेल. मी विचार केला, जेवण बाराला. आता अडीच तास हिच्या पोटात काही जायचं नाही. नवं औषध झटक्यात कामाला लागतं, म्हणजे उपाशीपोटी ते धोक्याचं. जुनं कसं, सावकाशीचं. हळूहळू उतरवेल. डॉक्टरीणबाई शिकलेल्या असतील, पण दमदार माल कोणता ते मला कळतं. लोण्याच्या वाटीमागून बाटली काढली, दहा युनिट भरले आणि दिले. शकुंतलानं तिथी वाचली. तिला काय, ती कॅलेंडरकडे पाहत होती.

नेमकी अंजू पाणी घ्यायला आली आणि तिनं बाटली पाहिली.

"बाबा, थे तं बंद केलं न बाईनं?"

"मले शिकवू नको," मी म्हणालो. "जा, भजी पाह्य तुह्यी."

तिचं तोंड एवढंसं झालं. गेली बिचारी.

सव्वाअकराला मी पुन्हा शुगर पाहिली. तीनशे नऊ. पावणेदोन तासांत सतरानं उतरली! मला त्या बाटलीचा असा संताप आला, की जणू कोणी मला भेसळीचा माल विकला. बाटली वाया गेली, औषध मेलं, असं मी ठरवूनच टाकलं. तेवढ्यात आतून शकुंतलाची हाक आली.

"ऐकता का जी? भात चढवला."

चौदा वर्षांची सवय. भात चढला, की माझा हात सुईकडे जातो. मी पेन घेतलं, जेवणाचा आकडा लावला, वर वाढलेल्या शुगरचे दोन युनिट जोडले आणि टोचलं. ताट समोर नव्हतं. ताट सोडा, आरतीचं तबकही लागलं नव्हतं. फ्रिजवरचा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. डोळ्यांसमोर असून काय उपयोग!

बाराला पाच मिनिटं कमी असताना पौर्णिमाचा फोन आला. तिची बस सुटली होती. वेणी घालत बसली असेल, दुसरं काय! दुसरी बस आत्ता मिळाली होती, पोचायला तास-सव्वा तास लागणार.

मी म्हणालो, "आपण आरती करून घेऊ, पोट्टी मागून जेवन."

"सवाष्ण आल्याबिगर पडदा ओढत नसतात," शकुंतला म्हणाली. "देवी काय एकटी जेवन का? थांबा दम धरून."

मी ओट्यावर जाऊन बसलो. साडेबारा झाले. पावणेएक झाले असतील. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ अंजूची हाक, "बाबा!"

मी धावलो. शकुंतला गॅसजवळच्या भिंतीला टेकून खाली बसली होती. कढीचं पातेलं कलंडलेलं. तिचा चेहरा घामानं निथळत होता, सोवळ्याचं लुगडं पाठीला चिकटलेलं, ओठ पांढरे, आणि हात असे थरथरत होते, की बांगड्या आपोआप वाजत होत्या. मी तिचं बोट धरून मशीन लावलं. एकोणपन्नास.

तेव्हा मला कळलं काय झालं ते. साधी बस उशिरा येते म्हणून मी जलद बस बोलावली होती, आणि दोन्ही एकदम दारात येऊन उभ्या होत्या. जुनी बाटली मेली नव्हती. तिचा जोर आत्ताच आला होता, नव्या सुईच्या जोरावर जोर. आणि पोटात काल संध्याकाळपासून अन्नाचा कण नाही.

नीलेश गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन आला. "आई, हे खाय."

"थे चावत बसन तोवर काय होईन माहीत नाई!" मी ओरडलो. "तुपाचं आहे थे, लवकर चढत नाई. साखर आण. पाण्यात कालवून."

साखर आली. मी चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. शकुंतलानं तोंड फिरवलं.

"नैवेद्य नाई झाला," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते.

"अवं, खाय न!"

"नाई. नैवेद्य उष्टा होते."

"मसणात गेला तुह्या नैवेद्य! मरशीन तू!"

तिनं सगळा जीव एकवटून माझा हात झटकला. चमचा उडाला, साखरपाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. "बाटवता का," ती म्हणाली, "वर्षाचं एक दिवसाचं काम बाटवता का?" आणि तिचे डोळे मिटायला लागले. शुगर एवढी उतरली की माणूस हट्टी होतं, हे बाईंनी सांगितलं होतं. पण ही चांगल्या शुगरवरही हट्टीच होती, तिच्याशी मी काय लढणार? मी तिला शिव्या देत होतो, देवाला देत होतो, त्या बाटलीला देत होतो. रडतही होतो, पण ते मला नंतर नीलेशनं सांगितलं.

अंजूनं मला बाजूला सारलं. खरोखरच सारलं, खांद्याला धरून. देवीसमोरची हळदकुंकवाची कोयरी घेऊन ती शकुंतलासमोर गुडघ्यावर बसली. तिच्या ओल्या कपाळावर आधी हळद लावली, मग कुंकू लावलं. पदराचं टोक हातात घेऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, सवाष्ण कोण असते?"

शकुंतलानं डोळे उघडले. प्रश्न तिच्या रोजच्या शिकवणीतला होता, उत्तर आपोआप आलं. "महालक्ष्मी."

"तुम्ही कोण आहात?"

शकुंतलाचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

"पौर्णिमाताई येईन तवा येईन. आज पह्यली सवाष्ण तुम्ही. हा पह्यला नैवेद्य." तिनं साखरपाण्याची वाटी तिच्या ओठांना लावली. "जेवा न, माय."

शकुंतला प्यायली. एक घोट, दुसरा, मग वाटी दोन्ही हातांनी धरून सगळी. अंजूनं लगेच दुसरी कालवली. नीलेशनं फोन लावून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, गिळता येतंय का, बोलतात का. हो म्हटल्यावर म्हणाल्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा साखर, आणि गिळेनाशा झाल्या तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना. नीलेशनं गाडी दाराशी लावून ठेवली.

ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, हिला उठू दे, मी जन्मात आवाज चढवणार नाही. असले करार माणूस करतं अशा वेळी. दुसऱ्या दिवशी मोडला तो मी.

अडुसष्ट. पुन्हा साखर. पुन्हा पंधरा मिनिटं. सत्त्याण्णव.

तिच्या गालांवर रंग आला. तिनं आजूबाजूला पाहिलं, कलंडलेलं पातेलं पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे. "कढी सांडवली? कोणी व?"

बाप्पा, काय हलकं वाटलं! मी हसायला लागलो. नीलेश हसायला लागला. अंजू तिच्या मांडीवर डोकं ठेवून भडाभडा रडली. शकुंतला तिच्या केसांवरून हात फिरवत मला म्हणाली, "काऊन हसून राह्यले बह्याडासारखे? अन् इले काय बोलले तुम्ही?"

त्याच वेळी दारात पौर्णिमा. वेणी, गजरा, कोऱ्या पातळाची सळसळ. "मामा, लय उशीर झाला न जी?" मी म्हणालो, "ये बाई, अगदी वेळेवर आली."

आरती झाली. ताटं गेली, पडदा ओढला. कढी अंजूनं नव्यानं केली, तीही चाखल्याशिवाय, आणि मीठ बरोबर होतं. शकुंतला पौर्णिमाच्या शेजारी पाटावर बसून जेवली. अंजूनं वाढलं. बाईंनी सांगितलं होतं, या जेवणाला आता वेगळी सुई नको, आणि साधं इन्सुलिन संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत अंगात रेंगाळेल, तोवर दर तासाला मोजा. मी मोजत राहिलो. एकशे तीस. एकशे चव्वेचाळीस. एकशे एकवीसला जरा घाबरलो, तिनं अर्धी पुरणपोळी आणखी खाल्ली आणि म्हणाली, "असे चांगले दिवस माह्यावर पह्यल्यांदा आले. पुरणपोळी दवाई म्हणून!"

बाईंनी मलाही फोनवर घेतलं होतं. मी रागावण्याची वाट पाहत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, जुनं औषध वाईट नव्हतं. चौदा वर्षं त्यानंच सांभाळलं काकूंना. ते सावकाश सुरू होतं म्हणून सौम्य नसतं, आणि एक काम करत असताना वर दुसरं देत नाहीत, एवढंच." मी "हो जी" म्हणालो. फोन ठेवून फ्रिज उघडला, बाटली काढली आणि अंजूच्या हातात दिली.

"हे घे. अन् सकाळी मी जे बोललो थे चुकलं माह्यं."

"मले माहीत होतं तुम्ही कुठी ठेवली थे," अंजू म्हणाली. "लोण्याच्या मागं. रोज दिसे. मी म्हटलं, बाबा आपल्या मनानं फेकतीन."

हे ऐकून मला जे वाटलं ते राग नव्हता. एवढंच सांगतो.

संध्याकाळी आरतीनंतर शकुंतला आणि मी स्वयंपाकघरात होतो. तिचा आकडा दोनशे दहा, म्हणजे आता भीती नव्हती, उलट रात्रीच्या जेवणाची सुई द्यायची होती. तिनं गॅसवर भात चढवला. सवयीनं मला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी पेनाची चकती फिरवायला गेलो तर बोटं ऐकेनात. आकडा एकदा पुढे जायचा, एकदा मागे. हात थरथरत होते, दुपारी तिचे थरथरत होते तसेच.

"काय होऊन राह्यलं तुम्हाले?" तिनं विचारलं. "सकाळपासून चहाबिगर काही घेतलं नाई तुम्ही. बसा. बोट द्या."

"मले काय झालं? मले शुगर नाई."

"बोट द्या म्हटलं न."

चौदा वर्षांत पहिल्यांदा सुई तिच्या हातात आणि बोट माझं. मला ते पाहवेना. मी भिंतीकडे तोंड केलं. आज नवमी. उद्या दशमी. टोचलं.

"एकशे चार," ती म्हणाली. "चांगली आहे. मंग हात काऊन कापून राह्यले?"

मी कॅलेंडरकडेच पाहत होतो. "भेलो मी," म्हणालो. "तू गेली असं वाटलं मले. माह्या हातानं गेली असं वाटलं."

एकेचाळीस वर्षांत मी तिला असं काही सांगितलं नव्हतं. तिनं गॅस बारीक केला, भाताचं झाकण तिरपं केलं. भात उतरला तशी दोन ताटं घेतली. दुपारी मी जेवलोच नव्हतो, हे सगळ्या घरात तिच्याच लक्षात होतं. माझ्या ताटात वरणभात, भाजी, दोन वडे वाढले. तिच्या ताटात भाजी, पोळी, कढी. दोन्ही ताटं समोरासमोर ठेवली आणि ती पाटावर बसली.

"ताट समोर आलं," ती म्हणाली. "आता द्या सुई."

मी पेन उचललं. या वेळी आकडा नीट लागला. तिनं पदर बाजूला केला आणि मी कॅलेंडरचं वाचन सुरू व्हायची वाट पाहिली. काही आवाज येईना म्हणून वर बघतो, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलंच नव्हतं. माझ्या हाताकडे पाहत होती, थांबला का कापायचा ते.